काकांना जिंकवायचं नाही

समोरचा माणूस टेबलावर वाकला, स्टिक बोटांवर टेकवली, एक डोळा बारीक केला, की काका आपला चष्मा काढायचे आणि शर्टाच्या टोकानं काचा पुसत खिडकीबाहेर बघायचे. जणू या टेबलावर आता बघण्यासारखं काही उरलंच नाही. मग हळूच म्हणायचे, "आराम से हो. काही घाई नाही."

झालं! ज्याच्या मनात घाईचं नावही नव्हतं, त्याला घाई सुटायची. बॉल पॉकेटच्या कडेला आपटून परत यायचा, आणि काका चष्मा चढवून म्हणायचे, "अरेरे. जातच होता हो."

उज्जैनच्या माधव नगरात कपड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं पूल पार्लर आहे. नवऱ्यानं हौसेनं काढलं, आणि काढलं तोच बँकेनं त्याची बदली रतलामला केली. तेव्हापासून काउंटरवर मी बसते. बाईमाणसानं असल्या ठिकाणी बसावं का, यावर आमच्या नातेवाइकांत बरीच चर्चा झाली म्हणे. होऊ दे. मी बसले ती बसलेच. तुम्हीही या, स्टूल ओढा माझ्याशेजारी. इथून दोन्ही टेबलं नीट दिसतात.

काकांचं नाव मी सांगणार नाही. त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही कधी. वडील रेल्वेच्या नोकरीपायी खानदेशातून इकडे आले, हेही रेल्वेतच चिकटले आणि सारी नोकरी तिकिटं तपासण्यात घालवली. "वहिनी, माझं अर्धं मराठी गाडीतच राहिलं," असं हसून सांगायचे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, पण नवऱ्याला ते भाऊ म्हणत, म्हणून मी वहिनी. बाकी सगळ्यांची मी भाभी.

खरं सांगू? खेळ त्यांचा बेताचाच होता. त्यांच्यापेक्षा सरळ हात असलेले इथे ढिगानं यायचे. पण काका बॉलशी खेळतच नसत, माणसाशी खेळत.

आता जलेबीचंच घ्या. मॅच सुरू व्हायच्या आधी खालून पोहे-जलेबी मागवायचे. उज्जैनमध्ये पोहे-जलेबीला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि त्यात मराठी माणसाचा आग्रह! "घ्या हो वकीलसाहेब. एकच? एक काय घेता, आम्ही काय परके आहोत?" पोहे चमच्यानं खाता येतात, जलेबी नाही येत. चार वेळा हात धुतला तरी बोटं चिकट लागतात, आणि स्टिक तर बोटांवरूनच सरकवायची असते. स्वतः काका जलेबीला शिवत नसत. "मला शुगर आहे ना." पुढे एका लग्नात मी त्यांना जलेबीचं ताट रिकामं करताना पाहिलं. विचारलं, "काका, शुगर?" तर म्हणाले, "ती फक्त टेबलाजवळ वाढते."

हे वकीलसाहेब म्हणजे आमचे रोजचे गिऱ्हाईक. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस, पण काकांपुढे त्याचं पार पाणी व्हायचं. एकदा त्यांना सोपा शॉट मिळाला होता. काका म्हणाले, "वा, आता कोपर सरळ येतो हां तुमचा. पूर्वी बाहेर जायचा." त्यानंतर महिनाभर वकीलसाहेब कोर्टातसुद्धा कोपराकडे बघत होते. दुसऱ्यांदा, वाकलेले असतानाच, काकांनी विचारलं, "आईंचा गुडघा कसा आहे?" गेला शॉट. वकीलसाहेब चिडून लाल. पण दुसऱ्या दिवशी हेच काका त्यांच्या आईसाठी खिचडीचा डबा घेऊन दवाखान्यात हजर! वकीलसाहेब मला म्हणाले, "भाभी, इस आदमी का करें क्या?" मी काय सांगणार? काकांची चालही खरी असायची आणि काळजीही खरी असायची.

लोक त्यांना चीटर म्हणत. म्हणू देत. त्यांचे कायदे कडक होते. टेबलाला हात लावायचा नाही, नेम धरणाऱ्याच्या समोर उभं राहायचं नाही, आवाज तर बिलकुल नाही. "आवाज काय कुणीही करतं," म्हणायचे. "माणसाच्या डोक्यात त्याचाच आवाज सुरू करून द्यावा."

एकदा कॉलेजच्या दोन मुली खेळायला आल्या. शेजारच्या टेबलावरच्या टोळक्यानं घाणेरडं हसायला सुरुवात केली. मी उठणार, तेवढ्यात काका उठले. "ये खेल नहीं है, ये गंदगी है. स्टिक रखो और नीचे उतरो." टोळकं उतरलं. मुलींना वाटलं, काका किती चांगले! मग काका स्वतः त्यांच्याशी खेळले आणि जलेबीपासून कोपरापर्यंत सगळं वापरून दोघींना सपाटून हरवलं. एक मुलगी पाय आपटत म्हणाली, "अंकल, आप तो बहुत गंदा खेलते हो!" काका इतके खूश झाले की काय सांगू.

आता पुढचं सांगते. गेल्या काही वर्षांत त्यांचा उजवा हात हलायला लागला. आधी थोडा, मग दिसण्याइतका. चेतन नावाचा एक मुलगा आहे, मुलगा कसला, देवास गेटला मोबाइलचं दुकान आहे त्याचं, दोन पोरांचा बाप आहे. आमच्याकडचा सगळ्यात सरळ हात त्याचा. तो म्हणाला, "काका, ये नया नाटक?" काका म्हणाले, "हो. कसं वाटलं?" आणि त्या हलत्या हाताकडे बघता बघता चेतन हरला. सगळे हसले. मीही हसले. कुणाच्या मनातही आलं नाही की हे नाटक नसेल.

मग त्यांचा मुलगा आला, पुण्याहून. शांत, सभ्य माणूस. काका दुपारचे झोपलेले असताना येऊन गेला. कंपवात आहे म्हणाला. औषधं चालू आहेत, पण वाढत जाणार. गणपती झाले की त्यांना कायमचं पुण्याला नेणार. मग वकीलसाहेब, चेतन, सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाला, "तोपर्यंत बाबांना जरा जिंकू द्या. एवढाच आनंद आहे त्यांना."

चेतनचे डोळे भरले. मी तिथल्या तिथे बोलले, "असलं काही करू नका. काका ओळखतील." वकीलसाहेब म्हणाले, "भाभी, नाटक करणं आमचाही धंदा आहे."

धंदा! अहो, ज्या माणसानं जन्मभर लोकांचे चेहरे वाचले, त्याच्यापुढे हे नाटक करणार!

काका जिंकायला लागले. रोज. जो तो चुकायचा, कपाळावर हात मारायचा, "क्या काका, आज तो आपका दिन है." पहिल्या दिवशी काका हसले. मग हसणं थांबलं. मग पोहे-जलेबी मागवणं थांबलं. चष्मा पुसणंही थांबलं. नुसते बसून राहायचे, हात मांडीखाली दाबून. जिंकणारा माणूस इतका उदास मी पाहिला नव्हता.

श्रावणातला सवारीचा, म्हणजे देवाच्या पालखी-मिरवणुकीचा सोमवार होता. रस्ते बंद, म्हणून जे आले होते ते सगळे वरच अडकलेले. काका आणि चेतन खेळत होते. चेतनचा शेवटचा काळा बॉल पॉकेटच्या अगदी तोंडाशी. नुसती फुंकर मारली असती तरी गेला असता. चेतननं मारला आणि चुकवला. "अरे यार!" म्हणून डोकं धरलं.

काका उठले. टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात पुढे केला. "टिकट."

"क्या काका?"

"टिकट दिखा. जो सच में चूकता है ना, वो बॉल को देखता है. तूने मुझे देखा. बिना टिकटवाले भी पहले मुझे ही देखते थे."

काकांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "माझा मुलगा इथे येऊन गेला का?" माझ्याकडे बघून विचारलं. मी म्हटलं, "हो." लपवायचं कशाला?

मग जे चिडले! तो आवाज त्या खोलीनं कधी ऐकला नव्हता. "हात माझा आहे. हलतोय तर हलू दे. हरायचं तर मी हरेन ना, माझ्या हातानं! तुम्ही कोण मला जिंकवणारे? मी काय लहान पोर आहे, पानात लाडू वाढायला? अरे, मी तुम्हाला इतकी वर्षं छळलं, एकदा तरी दया दाखवली का?"

वकीलसाहेब खाली बघत म्हणाले, "नाही."

"मग!"

त्यांनी काळा आणि पांढरा, दोन्ही बॉल उचलले, होते तिथे ठेवले. हात इतका थरथरत होता की काळा बॉल ठेवायला वेळ लागला. कुणी मदत केली नाही, ते एक बरं केलं. "मार," चेतनला म्हणाले.

चेतन रडतच वाकला. आणि काकांनी चष्मा काढला. दुकानाचं भाडं वाढलं का विचारलं, पाठ पूर्वीपेक्षा जास्त वाकते म्हणाले, मेहुण्याचं लग्न जमलं का विचारलं. चेतन रडत होता आणि हसतही होता. पण मारला, जीव लावून मारला, आणि काळा बॉल खाडकन आत गेला.

"हरलो!" काका ओरडले. "हरलो रे!" दोन्ही हात वर. खाली ढोल वाजत होते, पण मला त्यांचाच आवाज ऐकू आला. मी काउंटर सोडून खाली गेले आणि सगळ्यांना जलेबी आणली. काकांनी त्या दिवशी चार खाल्ल्या.

गणपतीनंतर ते पुण्याला गेले. अधूनमधून फोन यायचा. मग बोलणं अस्पष्ट व्हायला लागलं, मग फोन मुलगाच करायचा. यंदा उन्हाळ्यात त्यानंच कळवलं, काका गेले.

मग म्हणाला, "ताई, बाबा इथे आल्यावर आम्ही घरी कॅरम खेळायचो. पहिल्यांदा मी मुद्दाम हरलो, तर बाबांनी बोर्ड उलटा केला. सोंगट्या कपाटाखाली गेल्या. मग मात्र मी खरंच खेळायला लागलो. मी नेम धरला की ते काहीतरी बोलायचे, नीट कळायचं नाही, पण माझा नेम चुकायचाच. रोज हरायचो मी."

"आणि?" मी विचारलं.

"जायच्या आदल्या दिवशी मी जिंकलो, ताई." तो म्हणाला. "सोडलं नाही त्यांना. एक सोंगटी सोडली नाही."

मी म्हटलं, "शाबास रे."