लेडीज हे माप नाही

पानाकाकू गिऱ्हाइकांवर ओरडायच्या, आणि गिऱ्हाईक बाई असेल तर जास्तच ओरडायच्या. मानेवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रसवंतीला लागून त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मुळात ते नवऱ्याचं. तो गेल्यावर काकूंनी पदर खोचला आणि त्याचाच पाना हातात घेतला. तो हातातून कधी सुटलेला कुणी पाहिला नाही, म्हणून साऱ्या मोहल्ल्यात त्या पानाकाकू झाल्या.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती पंक्चर काढायला. पंक्चर काढून सायकल विकून टाकायची, असं ठरवूनच गेले होते. चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने मला ती भेट दिली होती. मिहानमधल्या ऑफिसला सायकलने जायचं, ही माझी कधीची हौस. चार महिन्यांत बोटांना मुंग्या, मान अवघडलेली आणि उजवा गुडघा कामातून गेलेला. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा. एवढी एकच गोष्ट मी स्वतःसाठी मागितली होती आणि तीही मला झेपली नाही, अशी माझी खात्री झाली होती.

काकूंनी पंक्चरला हातच लावला नाही. "कोणाची सायकल हाय ही?"

"माझीच."

"खोटं काहून बोलून राहिली वं? बस बरं तिच्यावर."

बसले. एका पायाचा जेमतेम अंगठा जमिनीला लागत होता, आणि हँडल धरायला मला अर्धं आडवं व्हावं लागत होतं. मी ओशाळून म्हटलं, "माझीच उंची कमी आहे, काकू. हातही जरा आखूडच आहेत."

काकूंनी पाना स्टुलावर आपटला. "सायकल चुकली म्हण. तू काहून चुकशील? ब्लाऊज बसला नाही तं शिंप्याले बोलते, अन् सायकल बसली नाही तं सोताले?"

कुणी घेतली, कशी घेतली, हे त्यांनी खोदून विचारलं. नवऱ्याने मला सरप्राइज द्यायचं म्हणून दुकानात स्वतः चालवून बघितली होती. तो पाच फूट दहा इंच आहे. हे सांगताना मला पहिल्यांदाच त्या भेटीचा राग आला, आणि काकू मान डोलावत राहिल्या.

दुकानाच्या मागच्या भागात त्यांनी जुनी चादर पडद्यासारखी लावली होती. तिथे मला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं केलं. एक गुळगुळीत फळी दोन्ही पायांच्या मध्ये धरून, सीटवर बसल्यासारखी वर घट्ट दाबायला लावली आणि फळीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. मग खांद्यापासून मुठीपर्यंत हात मोजला. रेघेशेजारी माझं नाव लिहिलं. भिंतीवर अशी कितीतरी नावं होती. एकाच उंचीच्या दोन बहिणींच्या रेघा चार बोटं वरखाली होत्या. "पाहून घे," काकू म्हणाल्या, "अन् दुकानवाले म्हणतात लेडीज सायकल. लेडीज हे काही माप हाय? दुकानदार माप घ्याले लाजते, बाई द्याले लाजते. लाजतात दोघं, अन् गुडघा जाते बाईचा."

दुसऱ्या दिवशी सायकल बदलून घ्यायला त्या माझ्या आणि माझ्या नवऱ्याच्या बरोबर शोरूममध्ये आल्या. स्वतःच्या सायकलवरून आल्या. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची काळी, उंच, मधल्या दांडीची सायकल. फूटपाथच्या कडेवर पाय टेकवून त्या तिच्यावर चढायच्या आणि कडा बघूनच उतरायच्या. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही.

शोरूममधला माणूस माझ्या नवऱ्याशीच बोलत होता. "सर, मॅडमना सवय होईल. सीट खाली करून देतो." सीट खाली केली की गुडघा आणखी दुमडतो, आणि हँडल आहे तिथेच लांब राहतं, हे काकूंनी त्याला सांगून पाहिलं. तो हसला. तेव्हा काकूंनी कमरेची टेप काढली आणि भर दुकानात त्याच्या बुटाला लावली. "हा बूट कोणत्या नंबरचा हाय?"

"आठ."

"उद्यापासून दहाचा घाल. सवय होईल."

लहान फ्रेमची सायकल मिळाली. ब्रेकची मूठ माझ्या बोटांना पुरेल अशी काकूंनी आत घेतली, सीट बोटभर पुढे सरकवली. महिन्याभरात मुंग्या थांबल्या, गुडघाही निमूट झाला. मी अजून मिहानला सायकलनेच जाते. माझ्यात काहीच कमी नव्हतं, हे कळायला मला चाळीस वर्षं आणि एक पंक्चर लागलं.

एवढा राग येतो कुठून, असं मी एकदा विचारलं. त्या काटोलकडच्या एका खेड्यातल्या. शाळा दोन कोस. घरात बापाची एकच सायकल, दांडीची. दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून त्या ती चालवायच्या. एकदा ओढ्यात पडल्या, हात मोडला. बाप म्हणाला, पोरीच्या जातीला सायकल जमत नाही. सातवीतच शाळा संपली. "सायकल मोठी हाय असं कोणीच नाही म्हटलं वं," काकू म्हणाल्या. "मीबी नाही म्हटलं."

यंदाच्या उन्हाळ्यात सिग्नलला त्यांना एकाएकी थांबावं लागलं. टेकायला फूटपाथ नव्हता. पाय जमिनीला पुरला नाही, आणि काकू त्या काळ्या सायकलसकट कोसळल्या. खुब्याचं हाड मोडलं. दुकान बंद झालं, काकू काटोलला भावाकडे गेल्या.

मी भेटायला गेले ती भांडायलाच. शंभर बायकांना मापाची सायकल देणाऱ्या बाईने स्वतः दुसऱ्याच्या मापाची चालवावी? आणि मी ते बघून गप्प बसावं? रस्ताभर मला त्यांचा आणि माझा सारखाच राग येत होता.

काकू वॉकर धरून दारात आल्या. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "माह्याच पायात जोर नाही राहिला वं आता. वय झालं."

मी त्यांना भिंतीशी नेलं. फळी म्हणून भावाच्या बायकोने पोळपाट दिला. तो मी हळूच धरला, पिशवीतल्या पेन्सिलीने रेघ मारली.

"नाव काय लिहू?"

"शेवंता," त्या म्हणाल्या. आठ वर्षांच्या ओळखीत मी नाव विचारलंच नव्हतं.

ती काळी सायकलही भावाने आणून दाराशी उभी केली होती; आधी रेघेला टेप लावली, मग तिच्या दांडीला. त्या सायकलची दांडी काकूंच्या रेघेपेक्षा चांगली दोन इंच उंच होती. आकडा मी मोठ्याने वाचला. त्या पुन्हा सायकल चालवणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"सायकल चुकली म्हणा, काकू," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "म्हणा."

काकूंनी भिंतीवरच्या आपल्या नावावर हात ठेवला.

"चुकली," त्या म्हणाल्या. "ही बी, अन् बापाची बी."