सत्कार करून मोडलेली फौज

"शत्रू कुठाय?" पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं.

पडद्यावर दोन किल्ले समोरासमोर. मधलं मैदान मोकळं. दोन्ही वेशींवर हलगी वाजत होती आणि फेटे बांधलेले सैनिक हातात नारळ घेऊन घरी निघाले होते. आमचे निघाले होते, तसेच शत्रूचेही.

हे पाहुणे पब्लिशर, म्हणजे गेम बाजारात आणणारे लोक. ते हो म्हणाले तरच आमचा कोल्हापुरातला छोटा स्टुडिओ टिकणार होता, आणि आमच्या नोकऱ्याही. माझं काम बॅलन्सिंगचं. गेममध्ये कशाला काय खर्च पडावा आणि कशातून काय मिळावं, हे मी ठरवते. निदान तसं माझ्या कार्डावर छापलं होतं.

युद्धाच्या गेममध्ये सैनिक भरती करायला धान्य, लोखंड लागतं. नको झाली की तुकडी मोडता येते. याला डिसबँड म्हणतात. मोडल्यावर खर्चाचा काही भाग परत मिळतो, तो रिफंड. मी तो निम्मा ठेवला होता. सगळंच परत मिळालं तर कोण विचार करून फौज उभारेल?

आमचे मालक विश्वासदादा. कागलला त्यांचा पेट्रोल पंप. गेम त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता, पण मत प्रत्येक गोष्टीवर होतं.

"निम्मा? आणि त्या गड्याला असाच हाकलायचा?" हे कळल्यावर दादा तेव्हा माझ्यावर चढले होते. "आपल्याकडं असं चालत न्हाय, ताई. फेटा बांधा, नारळ द्या. आणि राजाला मान वाढू दे की!"

"दादा, मान लढाई जिंकल्यावर मिळतो. ज्याचा मान जास्त, तो गेम जिंकतो."

"मग सत्काराचा बी द्या. आणि रिफंड पुरा!"

आमचा प्रोग्रॅमर सलीम म्हणाला, "दादा, मग लढंल कोण?"

"तू कोड लिही."

त्यानं लिहिलं. चाचणीत जे व्हायचं तेच झालं, कुणी लढेचना. मी दादांना दाखवलं. ते हलगीवर खूश होऊन पंपावर निघून गेले.

गेममध्ये दोन्ही बाजूंनी कॉम्प्युटरच खेळत होता, आणि त्याला अब्रू वगैरे कळत नाही. कमी नुकसानीत जास्त मान कुठून मिळतो, एवढंच तो बघतो. लढाईत माणसं मरतात, सत्कारात कुणी मरत नाही. म्हणून पाहुण्यांसमोर शत्रूनं भरती केली, फेटे बांधले, फौज मोडली. परत भरती केली. शेवटी एकही बाण न सोडता तो जिंकला.

"हा नियम कुणाचा?" पाहुण्यांनी विचारलं.

"मॅडमांचा," दादा म्हणाले. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही.

मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. पाहुणे नाही म्हणाले. दादांनी त्यांनाही फेटे बांधूनच पाठवलं.

पंधरवड्यात सलीमनं राजीनामा दिला. दादांनी हॉल घेतला, तांबडा-पांढरा रस्सा ठेवला आणि भाषणात सलीमला स्टुडिओचा कणा म्हणाले. सलीम माझ्या कानाशी लागला, "ताई, हितं होतो तवा ह्या माणसानं साधं 'बरं केलंस' म्हटलं न्हाय."

मग आणखी दोघं गेले. त्यांनाही हॉल, त्यांनाही भाषण. दादा हवालदिल झाले.

"ताई, माणसं का ऱ्हाईनात गं?"

"दादा, राहिलेल्यांचा सत्कार कधी केलाय?"

त्यांनी माझ्याकडं वेड्यासारखं बघितलं. "त्यांचा कशाला? ती हायतच की!"

त्याच संध्याकाळी मीही राजीनामा दिला. सत्कार झकास झाला. आता दुसरीकडं बॅलन्सिंगच करते, आणि कुठलाही नियम लिहिताना राहणाऱ्याच्या हाती काय पडतंय ते आधी बघते.