धुकं, लेझर आणि कवडूभाऊंची अगरबत्ती

सोमवारी मी आमच्या हिंगणघाटच्या कॉलेजातल्या लॅब अटेंडंटना, कवडूभाऊंना, ठणकावलं होतं: यंत्रांपुढे अगरबत्ती लावायची नाही.

तेव्हापासून लेझरचा किरण दाखवायच्या प्रयोगात काचेच्या पेटीत दाट धुकं धरेचना. खाली गरम पाणी, वर बर्फ, सगळं नेहमीचंच. पण लेझरचा किरण काही दिसेना.

आज कवडूभाऊ म्हणाले, "मी म्हणलो होतो नं मॅडम, मशीनले अगरबत्ती लागते. लावू काय?"

वैतागून म्हटलं, लावा!

पेटीचं झाकण उघडं होतं. धूर आत गेला, झाकण लावलं आणि मिनिटभरात दाट धुकं. त्यात लख्ख हिरवी रेघ.

धुक्याचा थेंब धरायला बारीक कण लागतो, धुराचाही चालतो. दरवर्षी मीच हे फळ्यावर शिकवते!

कवडूभाऊंनी यंत्राला हात जोडले. "आता रोज लावू काय?"

"लावा," म्हटलं. कारण मात्र सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं असतं?