झाडून काढलेलं रान

केसरबाईच्या खराट्याला अख्खी आळी दबकून असायची. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, हे तिने इतकं मनावर घेतलं होतं की पाहुण्याचा चहा संपतो न संपतो तोच कप विसळलेला असे. फक्त एका ठिकाणी तिचा खराटा कधी चालला नाही. चाकणच्या कारखान्यांमागच्या बोडक्या टेकडीवर तिच्या नवऱ्याने, धोंडीबाने, वाढवलेल्या रानात.

धोंडीबा कंपनीत माळी होता. शिफ्ट सुटली की टेकडी गाठायचा. ऐन, करंज, बेहडा, शिवण लावून त्याने डबड्या-डबड्याने पाणी घातलं. पण गळलेलं पान तो कुणाला उचलू देत नसे. "ऱ्हाऊ दे. झाडाचं हाय, झाडालाच मिळू दे," म्हणायचा. "रान हाय का उकिरडा?" म्हणून केसरबाई तणतणायची. मागच्या पावसाळ्यात तो गेला आणि भांडायलाही कुणी उरलं नाही.

फाल्गुनात ताथवड्याच्या एका कॉलेजातून रश्मी नावाच्या मुलीचा फोन आला. माणसांनी पुन्हा उभी केलेली रानं हवेतला किती कार्बन धरून ठेवतात, ते ती मोजत होती. केसरबाईला त्यातलं एवढंच उमगलं, की मालकांचं काम कुणीतरी मोजायला येतंय. मग काय विचारता! खराटा टेकडीवर चढला. बाईने सगळं रान लख्ख झाडलं, पाचोळा, काटक्या पेटवून दिल्या, वर पाण्याचा सडा घातला.

रश्मीने छातीच्या उंचीवर एकेका खोडाला टेप गुंडाळला. खोडाच्या घेरावरून आतल्या कार्बनचा हिशेब काढता येतो, असं तिने सांगितलं. केसरबाई कौतुकाने टेपचं टोक धरून फिरली. मग रश्मीने एक लोखंडी चौकट जमिनीवर ठेवली आणि थबकली.

"मावशी, इथला पाचोळा?"

"झाडला की. तुमी येनार म्हनून."

रश्मीने हळूच सांगितलं, "पाचोळ्यातही कार्बन असतो. चौकटीतला गोळा करून त्याचं वजन करतात. तोच कुजून मातीत उतरतो."

"मग आता काय लिवनार?"

"जे आहे ते. शून्य."

"व्हता गं. गुडघाभर व्हता. मी सांगते की."

"वजन केल्याशिवाय नाही लिहिता येत, मावशी."

केसरबाई रश्मीला टेकडीच्या टोकाला, शिवणीखाली घेऊन गेली. धोंडीबा तिथे बसायचा, म्हणून तेवढ्याच जागी खराटा फिरवायला तिचा हात धजला नव्हता. मोजणीची जागा आधीच ठरलेली असते, त्यामुळे हे धरता येणार नव्हतं. तरी रश्मीने पानं बाजूला सारली. खाली माती काळी होती, ऐन फाल्गुनात ओलसर. केसरबाईने ती मुठीत घेतली आणि तिला रडू फुटलं. जन्मभर त्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, आणि तो डोळ्यांआड होताच तिने ती मोडली होती.

"पुन्हा कवा येशील मोजायला?"

"पाच वर्षांनी."

केसरबाईने माती होती तिथे ठेवली, वर पानं पसरली.

"तवर मी न्हाई ऱ्हायले, तर इथं जी कोन असंल तिला आधी फोन कर. म्हनावं, पाव्हने येनार हायेत, झाडू नगंस."