वच्छलाकाकूची सकाळची फेरी

वच्छलाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिगावच्या स्टेशनवर पांढुर्ण्याच्या गाडीची वाट पाहत होते. तिचा मुलगा सुधाकर नागपूरहून बोलत होता. "ताई, आई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. गाडी आली, निघूनही गेली. मी बाकावरून उठले नाही.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. गल्लीतली मुलं नोकरीसाठी बाहेर गेली आणि मागे एकेकट्या म्हाताऱ्या उरल्या. काकू रोज सकाळी प्रत्येकीच्या दारात उभी राहून विचारायची, "उठली काय वो?" आतून ओ आली की पुढच्या दारी. एकदा लीलाबाईची ओ आली नाही. काकूनं दार ढकललं, तर ती मोरीत पडलेली, अर्धं अंग लुळं. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. पुढे तिला भरवणं, न्हाऊ घालणं गल्लीनंच केलं. काकू फक्त विचारायची, "आज लीलाकडे कोन जाऊन राहिली?" आणि कोणीतरी उठायचीच.

गेल्या वर्षी संत्र्याच्या तोडीत काकूच पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. सुधाकरनं तिला नागपूरला नेलं, ऑपरेशन केलं. सुनेनंही मनापासून केलं, खोटं कशाला बोलू? हाड जुळलं, पण काकूचं जेवण तुटत गेलं, बोलणंही. भेटायला गेले तर खिडकीशी बसलेली. "समोरच्या दारात कोन राहते, मले अजून मालूम नाही," म्हणाली. मग माझा हात धरून हळूच, "मले घेऊन चाल ना वो."

सुधाकरला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "ताई, तिथं ती एकटी कशी राहील?" त्याचंही चूक नव्हतं. मी आपली चहा पिऊन परतले...

तेराव्याला तो गावी आला. काकूच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. त्यानं लीलाबाईला विचारलं, "मावशी, माझ्याकडे आईला काय कमी होतं?" तिची जीभ अजून जड. बराच वेळ ती शब्द शोधत राहिली. शेवटी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काई कमी नोयतं, बापू."

घराला आता कुलूप आहे, ओसरीला नाही. दुपारी बायका तिथं तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसतात. परवा कोणीतरी सवयीनं मूठभर दाणे वाटीत घालून आतल्या दाराकडे, काकू बसायची तिथं सरकवले. ती वाटी उचलायचं कोणाला सुचलं नाही.