नानांची थुंकी आणि माझा फॉर्म

बारावीला मेडिकलसाठी मला पाच-सहा मार्क कमी पडले आणि माझं भलं कशात आहे ते घरातल्या प्रत्येकाला एकदम कळायला लागलं. यावलच्या आमच्या घरात पालक म्हणजे नाना, वडिलांचे थोरले भाऊ. केळीचा ट्रक भरायचा असो की पोरांचा फॉर्म, सही त्यांचीच. त्यांनी देवपूरचं डी.एड. ठरवून टाकलं होतं. मला जळगावला बी.एस्सी. करायचं होतं, सूक्ष्मजीवशास्त्रात. पुढे माणसांच्या रोगांवर काम करायचं होतं.

‘लोकायच्या थुंक्या तपासशीन?’ नाना म्हणाले. ‘मंग तुले बायको करीन कोन?’

‘तपासीन. नाही केलं कोणी तर नाही केलं.’

वडील मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. मला नानांपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

फॉर्मच्या मुदतीला आठवडा उरला असताना डॉक्टरांनी नानांचा महिन्याभराचा खोकला ऐकला आणि तीन दिवस सकाळची थुंकी तपासायला सांगितली. तपासणी यावलातही होत होती. पण गावात टीबीचा बोभाटा झाला असता, तर चुलत बहिणींच्या सोयरिकी अडल्या असत्या. म्हणून थुंकीच्या डब्या जळगावला न्यायचं ठरलं. न्यायच्या कोणी? नानांच्या मुलांना नेमकी तेव्हाच मळ्यात कामं निघाली. तिन्ही दिवस पहिल्या एस.टी.नं त्या डब्या मीच नेल्या, पिशवी मांडीवर धरून.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी मी रिपोर्ट घेऊन आले, वाटेत वाचूनच. नाना ओट्यावर बसले होते, तोंड पार उतरलेलं. मी आधी फॉर्म पुढे केला.

‘पहिले ते सांग,’ ते म्हणाले.

‘पहिले सही.’

कोणी म्हणेल, आजारी माणसाशी असं वागतात का? माझ्या जन्माचा निकाल त्यांनी मला न विचारता लावला होता. मी त्यांचा दोन मिनिटं अडवला, एवढंच.

त्यांनी सही केली. मग मी रिपोर्ट उघडला. ‘जंतू नाहीत, नाना.’

त्यांनी डोळे मिटले. माझ्याकडे न बघता विचारलं, ‘अन् टीबी निघाला असता त?’

‘तरी आधी सहीच मागितली असती,’ मी म्हणाले, आणि ते खरं होतं.