गडग्यापलीकडचं निळं पाणी

क्लोरीनचा वास आला की मी हातातलं काम टाकून मागच्या दारी येते. आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचा पोहण्याचा तलाव साफ होत असतो. लांब दांड्याची जाळी पाण्यावरून सावकाश फिरते, पाला गोळा करते, आणि ती झटकायला माणूस वळतो न वळतो तोच वाऱ्याची झुळूक येते. आमच्या शेवग्याची नखाएवढी पिवळी पानं भुरुभुरु त्या निळ्या पाण्यावर उतरतात. तुम्ही म्हणाल, यात बघण्यासारखं काय? मला विचारा! अख्ख्या पार्से गावात याहून गोड देखावा नाही.

हा शेवगा माझ्या आत्याने लावला. त्या जागी आधी तिची अबोली होती. भल्या सकाळी रहाट कुरकुरायचा, विहिरीचं पाणी पाटातून वाफ्यांत खेळायचं, आणि मग ओसरीवर पाय पसरून आत्या केळीच्या दोऱ्यात फुलं गुंफत बसायची. अबोलीची ती फाती ओल्या पानात गुंडाळून रोज देवळात नेऊन द्यायची. मूलबाळ नव्हतं, तीर्थयात्रा केली नव्हती, कुणाकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिचं आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

मग पलीकडची काजूची बाग विकली गेली आणि तिथे बंगला उभा राहिला. सुट्टीपुरते येणारे शेठ. तलाव भरायला त्यांनी अगदी गडग्याला लागून बोअर मारली, आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला. आत्या त्यांना सांगायला गेली, मी सोबत होते. "तुमी खुशाल न्हावा," ती म्हणाली, "पण माझ्या अबोलीपुरता तरी पाणी ठेवा." मी ते हिंदीत सांगितलं. शेठ हसले. म्हणाले, फुलं काय, बाजारात हवी तेवढी मिळतात! अबोली उभ्या उभ्या करपली. नंतर एकदा देवळाच्या पायरीवर आत्या रिकामे हात पदराखाली लपवून उभी असलेली मी पाहिली. ते हात मी विसरले नाही, विसरणारही नाही. जळो मेलं ते निळं पाणी!

मृगात आत्याने शेवग्याची मनगटाएवढी फांदी आणून गडग्याशी रोवली. दाराशी शेवगा लावू नये, भांडणं येतात, असं आमच्याकडे म्हणतात. मी तिला आठवण करून दिली.

"भांडाण येवंदे," ती म्हणाली, "पण त्यांच्या घरात."

शेवग्याला पाण्याचे लाड लागत नाहीत. बघता बघता तो गडग्याबाहेर झुकला. तलाव साफ करणारा सावंतवाडीकडचा माणूस कपाळाला हात लावून म्हणायचा, "पानां नाय गो ही, पीठ! जाळीतसून गळता आणि फिल्टरात जावन बसता." आत्या त्याला शेंगांची जुडी द्यायची, त्याच्याशी तिचं वैर नव्हतं. शेठांचे पाहुणे मात्र केसांतला पाला वेचत बाहेर आले की ती दाराआड उभी राहून पोटभर हसायची.

आता आत्या नाही. माणसाबरोबर त्याचा रागही जाळावा, असं शहाणी माणसं सांगतात. सांगोत बापडी. विहीर अजून कोरडीच आहे, मग मी राग का सोडू?

यंदाच्या उन्हाळ्यात शेठ स्वतः मिठाईचा पुडा घेऊन आले. बंगला विकायचाय, तलावातला पाला बघून गिऱ्हाईक परत जातं, ताई, झाड तोडा. म्हटलं, बोअर बंद करा, आत्ता तोडते. शेठांनी पुडा ओसरीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, निदान आमच्यावर आलेली फांदी तरी? मी कोयता आणला आणि फांदी उतरवली. त्यांनी हायसं वाटून हात जोडले. ते बघत असतानाच मी गडग्याशी पहारीने खड्डा केला, फांदी त्यात उभी केली आणि माती पायाने घट्ट दाबली. शेवगा फांदीवरून जगतो, हे शेठांना कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

त्या फांदीला आता कोंब फुटलेत. अबोली परत यायची नाही, विहिरीचं पाणीही नाही, एवढं मला कळतं. पण बंगल्यात जुना मालक राहो की नवा येवो, त्याच्या पाण्यात यापुढे दोन झाडांचा पाला पडेल.